फोन चोरीला गेला, ओटीपी येत नाही, पोलीस म्हणतात ‘गहाळ’ लिहा: अडलेल्या प्रत्येक जागी काय करायचं

फोन खिशात नाही हे कळलं की जवळजवळ प्रत्येकजण शेजारच्याचा फोन मागतो आणि आपल्याच नंबरवर रिंग मारतो. एकदा वाजतो, दुसऱ्यांदा कट होतो, तिसऱ्यांदा स्विच ऑफ. मग ‘पडला असेल, कुणीतरी उचलेल’ या आशेवर अर्धा तास जातो. चोराला तेवढा वेळ पुरतो.

कल्याण स्टेशनबाहेर माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. लोकलमधून उतरून तडक काउंटरवर येणारी माणसं नेहमीचीच, आणि त्यांचे प्रश्नही ठरलेले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहून ठेवतो. फोन वीस हजारांचा असेल, पण त्यातल्या नंबरवर तुमची बँक, आधार, जीमेल, व्हॉट्सॲप असं सगळं लटकलेलं असतं. म्हणून पहिली धावपळ नंबरसाठी करायची. फोनसाठीची थोडी उशिरा झाली तरी चालते.

रिंग वाजतेय तोवर लॉक, स्विच ऑफ झाला की सिम

बहुतेक ठिकाणी ‘आधी सिम बंद करा’ असं सांगतात. बरोबर आहे, पण त्यात एक मेख आहे. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेटही बंद होतं आणि लॉक करण्याचा आदेश फोनपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे फोन अजून चालू असेल तर पहिली दोन मिनिटं लॉकला द्या.

ॲन्ड्रॉइड असेल तर दुसऱ्याच्या फोनवर गुगलचं ‘फाइंड हब’ उघडायचं. जुनं नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’. इथेच माणसं अडकतात, कारण गुगल पासवर्डनंतर दुसरा पुरावा मागतं आणि तो चोरीला गेलेल्या फोनवर किंवा त्याच नंबरवर जातो. याला वळसा आहे. ‘ॲन्ड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक’ या पानावर फक्त फोन नंबर टाकून स्क्रीन लॉक करता येते. अट एवढीच, की फोनच्या सेटिंगमध्ये ‘रिमोट लॉक’ आधीपासून चालू हवं. आयफोनवाल्यांचं सोपं आहे: आयक्लाउडच्या ‘फाइंड’ पानाला ॲपल खात्याचा पासवर्ड पुरतो, दुसरा कोड लागत नाही. तिथे ‘लॉस्ट मोड’ चालू करा.

‘सगळं पुसून टाका’ या बटणाला लगेच हात लावू नका. ॲन्ड्रॉइड फोन पुसला गेला की नकाशावरून शोधायची सोय संपते. आधी लॉक करा. फोन परत येण्याची आशा सुटली आणि आत खरंच नाजूक काही असेल, तेव्हा पुसण्याचा विचार करा. आणि पुसला तरी आपल्या खात्यातून फोन काढून टाकू नका. ते का, हे पुढे येईल.

फोन स्विच ऑफ झालाय? मग लॉकच्या मागे वेळ घालवू नका. सिम बंद करा. त्याच कंपनीचं सिम असलेला कुणाचाही फोन मागून कस्टमर केअरला लावलात तर काम पटकन होतं, दुसऱ्या नेटवर्कवरून लांबलचक नंबर शोधत बसावं लागतं. स्टोअर रात्री बंद असलं तरी नंबर फोनवरून बंद होतो. डुप्लिकेट सिम सकाळी घ्या.

बँक आणि यूपीआय

‘पिन शिवाय पैसे जाणार नाहीत ना?’ हा हमखास येणारा प्रश्न. पिनशिवाय जात नाहीत हे खरं, पण पिन बदलता येतो. त्यासाठी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे, कार्डाची मुदत आणि त्या नंबरवर आलेला ओटीपी लागतो. सिम चोराच्या हातात, पाकीटही त्याच वेळी मारलेलं किंवा कार्डाचा फोटो गॅलरीत पडलेला, म्हणजे सगळा मसाला तयार. शिवाय यूपीआय लाइटमधली रक्कम पिनशिवायच जाते. तिथे एका वेळी १,००० आणि एकूण शिल्लक ५,००० रुपये अशी मर्यादा आहे, त्यामुळे तेवढ्यावर भागतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे हातातून हिसकावलेला फोन, कारण तो उघडा असतो. लोकलच्या दारात बोलत उभ्या असलेल्या माणसाच्या हातावर रुळांजवळून काठी मारणारे ‘फटका’वाले असेच फोन उचलतात. असं झालं तर बँकेला कळवणं लॉकच्याही आधी करा.

बँकेला फोन करून यूपीआय, नेट बँकिंग आणि कार्ड थांबवायला सांगा आणि तक्रारीचा क्रमांक, वेळेसकट, कागदावर लिहून घ्या. बँकेला कळवल्यानंतर जो व्यवहार होईल त्याचं नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही, असं रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. म्हणजे तो क्रमांक आणि ती वेळ हाच तुमचा पुरावा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यांतून काढले जाण्याआधी तिथे कळलं तर ते गोठवता येतात. दोन दिवसांनी कळवून फारसं हाती लागत नाही.

डुप्लिकेट सिम मिळालं, तरी ओटीपी येत नाही

सिम घालून नेटवर्क आलं, कॉल येताहेत, जाताहेत, पण एकही मेसेज नाही. माणूस परत दुकानात येऊन सिम खराब दिलं म्हणून भांडतो. सिममध्ये काही बिघाड नसतो. सिम बदलल्यावर पहिले २४ तास येणारे-जाणारे सगळे एसएमएस बंद ठेवायचे असा सरकारी नियमच आहे. दुसऱ्याच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून बँक खाती रिकामी करणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो केला आहे. त्यामुळे त्या एका दिवसात यूपीआय नव्या फोनवर सुरू होत नाही, कारण त्यालाही तुमच्या सिममधून एक मेसेज जावा लागतो. १ जुलै २०२४ पासून आणखी एक अट आली: सिम बदलल्यावर सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट करता येत नाही. रागाच्या भरात कंपनी बदलायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

तर, एका दिवसापुरती रोख रक्कम जवळ ठेवा. दुसरं काही करता येत नाही.

खरी अडचण वेगळीच असते: सिम कुणाच्या नावावर आहे? वापरणारी सून, नाव सासऱ्यांचं, आणि सासरे गावी साताऱ्याला. किंवा वडील जाऊन चार वर्षं झाली, नंबर अजून त्यांच्याच नावावर. डुप्लिकेट सिमसाठी ज्याच्या नावावर नंबर आहे तो माणूस आधार घेऊन समोर हजर लागतो, अंगठा द्यावा लागतो. सासरे गावातल्या दुकानातून सिम काढून पाठवू शकतात, वेळ जातो इतकंच. दिवंगत माणसाच्या नावाचा नंबर वारसाच्या नावावर करून घ्यायला कागदपत्रं लागतात, आणि ते काम फोन चोरीला जाण्याआधी, शांतपणे केलेलं बरं. ऑफिसने दिलेला नंबर असेल तर ऑफिसचं पत्र लागतं. आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत हे सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर दिसतं. आज रात्री जेवण झाल्यावर पाहून घ्या.

व्हॉट्सॲपचा एक मुद्दा. सिम बंद केलं म्हणजे व्हॉट्सॲप बंद झालं असं नाही. फोन वायफायला जोडला की ते चोराकडे चालूच राहतं, आणि मग तुमच्या मामेभावाला ‘अडचणीत आहे, दहा हजार पाठव’ असा मेसेज जातो. नव्या सिमवर व्हॉट्सॲप सुरू केलं की जुन्या फोनवरचं आपोआप बाहेर पडतं. नोंदणीचा कोड मेसेजने येत नसेल तर कॉलवर मागवायचा पर्याय आहे, कारण २४ तासांची बंदी एसएमएसला आहे, कॉलला नाही. तोवर घरच्या ग्रुपवर कुणाकडून तरी कळवून टाका.

पोलीस ठाण्यात ‘चोरी’ लिहायची की ‘गहाळ’?

सगळ्यात जास्त डोकं इथे फिरतं, म्हणून जरा सविस्तर.

ठाण्यात गेलं की ठाणे अंमलदार विचारतात, ‘कुणाला घेताना पाहिलंत का?’ तुम्ही म्हणता, नाही. ‘मग चोरीला गेला कशावरून? पडला असेल. गहाळचा अर्ज लिहून द्या, शिक्का मारून देतो.’ दहा मिनिटांत काम होतं, तुम्हालाही घरी जायचं असतं, तुम्ही लिहून देता.

त्या शिक्क्याच्या कागदावर डुप्लिकेट सिम मिळतं आणि पुढे सांगतो त्या पोर्टलवर फोन ब्लॉकही होतो. पण गहाळ म्हणजे गुन्हा घडलेलाच नाही. एफआयआर नाही, म्हणून तपासही नाही. फोनचा विमा असेल तर विमा कंपनी चोरीच्या दाव्याला एफआयआर मागते आणि गहाळचा कागद बाजूला सारते. उद्या त्या फोनवरून कुणाला धमकी गेली किंवा फसवणूक झाली, तर ‘हा फोन अमुक वेळी चोरीला गेला होता’ असं दाखवणारी भक्कम नोंदही हाताशी राहत नाही. माझं मत स्पष्ट आहे. फोन खरंच कुठे विसरला असेल तर गहाळ लिहा. खिशातून गेला असेल तर चोरीच लिहा. चोराला पाहिलेलं असणं ही अट कायद्यात नाही. ‘अज्ञात इसम’ हा शब्द त्यासाठीच आहे.

दुसरी तऱ्हा हद्दीची. फोन दादरला चढताना होता, डोंबिवलीला नव्हता. गेला कुठे? लोकल, फलाट, रेल्वेचा पूल इथे घडलं तर काम लोहमार्ग पोलिसांचं. दादर, कुर्ला, ठाणे, डोंबिवली, कल्याण, वाशी, अंधेरी, बोरिवली, वसई रोड अशी त्यांची स्वतंत्र ठाणी स्टेशनांवरच आहेत. स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर गेला तर शहर पोलीस. पण हद्द आमची नाही म्हणून परत पाठवणं आता नियमात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी कोणत्याही ठाण्यात खबर देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. तो नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. नोंद घ्यायला नकार मिळाला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते. बहुतेक वेळा कलमाचा आकडा आवाज न चढवता सांगितला तरी खुर्ची पुढे येते. चोरीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आहे, हिसकावून नेला असेल तर ३०४.

अर्ज घरून लिहून नेला तर निम्मं काम होतं. पोलिसांच्या भाषेत असा (त्यातला आयएमईआय म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, तो कुठे मिळतो ते पुढे सांगतो):

‘मी दि. … रोजी सायंकाळी ७.१० वा.च्या सुमारास दादरहून कल्याण धीम्या लोकलच्या मधल्या सेकंड क्लास डब्यातून प्रवास करीत असताना, गाडी ठाणे रेल्वे स्टेशन येथे आली असता, गर्दीचा फायदा घेऊन कोणीतरी अज्ञात इसमाने माझ्या पँटच्या उजव्या खिशातील … कंपनीचा काळ्या रंगाचा मोबाइल, आयएमईआय क्र. … व …, त्यातील सिम क्र. …, अंदाजे किंमत रु. …, माझ्या संमतीशिवाय, लबाडीच्या इराद्याने चोरून नेला आहे. तरी माझी सदर अज्ञात इसमाविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे.’

वेळ, डबा, खिसा, रंग, काचेला तडा असेल तर तोही. सीसीटीव्ही बघायचं कुणी मनावर घेतलं तर याच तपशिलावर बघतं. आणि ‘अंदाजे ठाणे ते डोंबिवलीदरम्यान’ असं मोघम लिहिण्यापेक्षा फोन शेवटचा कधी पाहिलात ते आठवून लिहा. गाडीत असतानाच कळलं तर रेल्वेच्या १३९ किंवा लोहमार्ग पोलिसांच्या १५१२ वर लगेच सांगता येतं.

आयएमईआय नंबरच माहीत नाही

हा पंधरा आकडी नंबर. दोन सिमच्या फोनला दोन असतात आणि दोन्ही द्यायचे असतात. एकच दिला तर दुसरा उघडा राहतो. *#०६# लावून बघायची वेळ निघून गेलेली असते. मग फोनच्या खोक्यावरचं स्टिकर पाहा. खोकं रद्दीत गेलं असेल तर बिल, ऑनलाइन घेतला असेल तर ऑर्डरच्या पानावरचं बिल, हप्त्यावर घेतला असेल तर कर्जाचे कागद. दुकानातून घेतला असेल तर आमच्यासारख्यांकडे बिलाची दुसरी प्रत असते, लाजू नका, मागा. गुगल किंवा ॲपल खात्यात तुमच्या उपकरणांची माहिती असते, तिथेही मिळतो.

फोन ब्लॉक करणं आणि पोर्टलवर अडणं

दूरसंचार विभागाची सीईआयआर नावाची नोंदवही आहे. तिची सुरुवात सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतूनच झाली, आणि मे २०२३ पासून संचार साथी पोर्टलसोबत ती देशभर खुली झाली. जानेवारी २०२५ पासून ॲपही आहे. आयएमईआय, तक्रारीची प्रत, ओळखपत्र, चोरीचं ठिकाण आणि तारीख भरली की अर्ज क्रमांक मिळतो आणि साधारण २४ तासांत तो फोन भारतातल्या कुठल्याही नेटवर्कवर चालेनासा होतो.

अडतं ते असं. एक, ओटीपी येत नाही. त्याचं कारण वर आलंच: इथे हरवलेलाच नंबर द्यायचा असतो, आणि डुप्लिकेट सिमचे २४ तास पुरे व्हायचे असतात. दुसऱ्या दिवशी करा. दोन, ‘या आयएमईआयसाठी आधीच मागणी आहे’ असं येतं. घाबरू नका. पोलिसांना याच यंत्रणेचं स्वतःचं लॉगिन असतं आणि त्यांनी नोंद केलेली असू शकते. ठाण्यात विचारा, तिथला क्रमांक घ्या. तीन, कागद चढत नाही, तो बहुधा फोटो मोठा असल्यामुळे. लहान करून पाठवा. चार, आयएमईआयमध्ये एक आकडा चुकलेला. खोक्यावर ८ आणि ३ सारखेच दिसतात, टॉर्च मारून वाचा.

‘ब्लॉक केला तर तो शोधता कसा येईल?’ ही शंका बऱ्याच जणांना असते आणि त्यापायी ते ब्लॉकच करत नाहीत. उलट आहे. ब्लॉक केलेल्या फोनमध्ये कुणी सिम घातलं की त्याची नोंद यंत्रणेत उमटते आणि पोलिसांपर्यंत जाते. पोलीस कार्यक्रम घेऊन लोकांना फोन परत करतात ना, त्यातले बरेचसे असेच सापडलेले असतात. मर्यादाही सांगतो. ब्लॉक फोन वायफायवर चालतो. सुटे भाग करून विकला गेला किंवा देशाबाहेर गेला तर ही नोंदवही काही करू शकत नाही.

फोन कुठे आहे ते नकाशावर दिसतंय

दिसू दे. जाऊ नका. नकाशावरचा ठिपका म्हणजे एक वर्तुळ असतं, आणि दाट वस्तीत त्या वर्तुळात शंभर दारं येतात. स्क्रीनशॉट वेळेसकट काढा आणि पोलिसांना द्या.

‘तुमचा फोन सापडला आहे’

काही दिवसांनी हा मेसेज येतो, आयफोनवाल्यांना हमखास. ॲपलच्या नावाने, नकाशाच्या लिंकसकट. किंवा गोड आवाजात फोन: ‘सर, सर्व्हिस सेंटरमधून बोलतोय, फोन आमच्याकडे आलाय, फक्त खात्यातून काढा म्हणजे पडताळणी होईल.’ खात्याला जोडलेला चोरीचा फोन पुसला तरी दुसऱ्याला सुरू करता येत नाही, त्याला बाजारात सुट्या भागांचाच भाव येतो. तुम्ही खात्यातून काढलात की त्याच फोनला पूर्ण भाव. त्यासाठी ही सगळी मिठास. लिंक उघडू नका, पासकोड सांगू नका, खात्यातून काढू नका. लॉस्ट मोडमध्ये संपर्कासाठी आईचा नंबर टाकला असेल तर हे फोन आईला जातील, तेव्हा तिलाही आधीच सांगून ठेवा.

ज्यांचा फोन अजून खिशात आहे

सिमला पिन लावा. फोनची स्क्रीन कितीही मजबूत लॉक असली तरी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे येतात. सिम पिन असेल तर ते जमत नाही. तीन वेळा चुकला तर अडकलेलं सिम उघडायला पीयूके कोड लागतो, म्हणून पिन लिहून घरी ठेवा. ई-सिम असेल तर ते काढताच येत नाही, तो आणखी चांगला पर्याय. ॲन्ड्रॉइडच्या सेटिंगमध्ये चोरीपासून संरक्षणाचे पर्याय आहेत: फोन हिसकावून पळाल्यासारखी हालचाल जाणवली की स्क्रीन आपोआप लॉक होते. आयफोनला आयओएस १७.३ पासून ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आहे. लॉक असतानाही वरून पट्टी ओढून विमान मोड लावता येत असेल तर ती सोय बंद करा. कार्डांचे फोटो गॅलरीतून काढा. जुना फोन घेताना केवायएम लिहून, जागा सोडून, पंधरा आकडी आयएमईआय १४४२२ वर एसएमएस करा. तो ब्लॉक आहे का ते कळेल. स्वस्तात बिलाशिवाय मिळतोय म्हणून घेतलेला फोन चोरीचा निघाला तर तो जातोच, वर चौकशीही मागे लागते.

फोन परत मिळाला तर

पोलिसांनी जप्त केलेला फोन हा मुद्देमाल असतो. तो थेट हातात मिळेलच असं नाही. न्यायालयात अर्ज करून आदेश घ्यावा लागू शकतो, आणि तेव्हा बिल किंवा खोकं पुन्हा लागतं. मालकीचा दुसरा पुरावा नसेल तर तिथे अडतं. फोन हातात आल्यावर सिम घालून नेटवर्क नाही म्हणून दुकानात धावू नका. तो अजून ब्लॉकच असतो. सीईआयआरवर जुना अर्ज क्रमांक टाकून ‘अनब्लॉक’ची मागणी करा. ब्लॉकिंग पोलिसांच्या लॉगिनवरून झालं असेल तर अनब्लॉकही त्यांनाच सांगावं लागतं, तेव्हा फोन ताब्यात घेतानाच तेवढं विचारून घ्या.